चावतात, अक्का

आमच्या घरात माझ्या चांगुलपणाची एक गोष्ट सांगितली जाते. सून ती नातवंडांना सांगते, आणि सांगताना माझ्याकडे अशा कौतुकानं बघते की मला उगाच पाणी प्यायला उठावं लागतं. गोष्ट अशी – आजी एकोणीस वर्षांची मास्तरीण असताना तिच्याबरोबरच्या थोरल्या बाईंचा पाय मुरगळला, आणि आजीनं आपल्या पदरचे पैसे घालून त्यांना बूट आणून दिले.

बूट दिले, हे खरं आहे. पदरचे पैसे घातले, तेही खरं. बाकीचं – बाकीचं मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. नवऱ्याजवळसुद्धा नाही, आणि त्यांच्यापाशी मी पोटातलं बरंच काही ओकले होते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही माझ्या घरचे नाही म्हणून असेल. शिवाय तुम्ही वाचताना हसाल, आणि हसा – मी स्वतः हसते. तीच तर अडचण आहे. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे होते, आणि माझी चूक नेमकी त्यांच्या मधोमध बसली आहे. एक सोडून दुसरं आठवताच येत नाही.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. निजामाचा अंमल गेला होता, हैदराबाद राज्य मात्र अजून होतं, आणि खेड्यापाड्यांत मुलींच्या शाळा निघत होत्या. माझं माहेर उदगीर. सातवी पास झाले, ट्रेनिंग केलं आणि नेमणूक आली ती हुमनाबादकडच्या निर्णा गावापलीकडच्या एका खेड्यात. गावाचं नाव नाही सांगत, गावाचा काही दोष नाही. शाळेत मास्तरणी दोनच. मी, आणि नीलम्माअक्का.

अक्का तेव्हा छत्तीसच्या असतील. भालकीकडच्या लिंगायत घरातल्या, वडील कापडाचे व्यापारी. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी कपाळ पांढरं. भावाकडून चोरून अक्षरं शिकल्या आणि पुढे भावालाच मागे टाकलं. त्यांना तीन भाषा येत आणि तिन्हींची कामं ठरलेली – राग आला की कानडी, लाड आला की मराठी, आणि सरकारी माणूस समोर उभा राहिला की उर्दू. आम्ही एकाच खोलीत राहायचो. सकाळी त्या हातावर लिंग घेऊन पूजेला बसत, मी भाकऱ्या थापत असे, आणि पूजा आटोपली की पहिला प्रश्न, “सुशे, आज कोन कोन पोरी येनार न्हाईत?” जी येणार नसेल तिच्या घरी आम्ही दोघी जायचो. आईशी भांडून पोरीला घेऊन यायचो. रोज कुणाची ना कुणाची तरी आई. वाटेत हसून हसून पोट दुखायचं.

अक्कांचा उजवा पाय लहानपणी चिंचेवरून पडून अधू झालेला. लंगडत नसत, पण घोटा कधी दगा देईल याचा नेम नसे. आणि आमच्या नोकरीत चालणं फार. दर शनिवारी दोघींतल्या एकीनं पाळीपाळीनं हजेरीचे कागद घेऊन हुमनाबादच्या कचेरीत जायचं. गावापासून बसच्या फाट्यापर्यंत दोन कोस काळ्या रानातून. पावसाळ्यात तो चिखल असा की पाय उचलला तर चप्पल जमिनीलाच राहायची. उन्हाळ्यात ढेकळं आणि बाभळीचे काटे. सुगीनंतर कुसळं – लुगड्याच्या काठात शिरली की आठवडाभर टोचत.

आणि मग गुलबर्ग्याला आम्हाला ते बूट दिसले.

दिवाळीनंतर आठ दिवसांच्या शिबिराला गेलो होतो. बाजारात एका जोड्यांच्या दुकानात, दारावरच्या खिळ्याला, नाड्यांनी टांगलेले. काळ्या कॅनव्हासचे. दुकानदार त्याला किरमिच म्हणत. तळ रबराचा, पुढे चवड्यावर पांढऱ्या रबराची अर्धी वाटी, आणि घोट्याच्या वरपर्यंत चढणारे. नाडीसाठी दोन्ही बाजूंना पितळी डोळ्यांची रांग. असे बूट फौजेतले लोक आणि मोठ्या शाळांतले खेळाडू घालतात, असं म्हातारे दुकानदार म्हणाले. अक्का रस्त्यात थांबल्या. टांगलेले बूट वाऱ्यानं हळूहळू फिरत होते, आणि अक्कांची मानही त्यांच्याबरोबर.

“घोटा धरून ठेवत आसंल गं हे,” त्या म्हणाल्या.

पण घेतले नाहीत. अक्का कुठलीही वस्तू पाच जणांना विचारल्याशिवाय घेत नसत – साधा कंदील घेतानासुद्धा त्यांनी दोन महिने लावले होते. बुटांना तर चार महिने लागले. ते चार महिने तुम्ही बघायला हवे होते! गावात दुसरा विषय नाही. आमचे चांभार मारुतीमामा म्हणाले, रबर म्हणजे तव्यावर पाय ठेवणं, डोळ्यांची आग होईल. बसचा कंडक्टर म्हणाला, टिकाऊ आहेत, पण नाड्या बांधेस्तवर बस निघून जाईल. फौजेतून परतलेले एक शेतकरी होते. त्यांनी भर चावडीपुढं पाय पुढे करून सांगितलं, “अक्का, आसल्या बुटात म्या डोंगर चढलाव. डोळे झाकून घ्या.” आणि पाटलांच्या म्हाताऱ्या आईनं विचारलं, “बाईमानसानं बूट घातल्यावर लुगडं कुठं बगंल नि बूट कुठं बगंल?” यावर गावभर दोन तट पडले. अक्का प्रत्येकाचं ऐकून घेत, संध्याकाळी मला सांगत आणि विचारत, “सुशे, घ्यावं का न्हाई?”

मी म्हणायची, घ्या अक्का. मनापासून म्हणायची. तोवर मनापासूनच.

चैत्रात पुन्हा गुलबर्ग्याला जायचं काम निघालं. अक्का म्हणाल्या, आज काय ते ठरवून टाकायचं. दुकानात गेलो. म्हाताऱ्यांनी जोड काढून पुढे ठेवला. “पैन के देखो ना अम्मा. देखने से क्या मालूम पडता?”

दुकानात चार पुरुष बसलेले. अक्कांनी लुगड्याचा काठ आणखी खाली ओढला. इतक्या माणसांत पाय पुढे करायचा? वरून दणदणीत वाटणाऱ्या त्या बाईचं अंग चोरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्यांनी मला पुढे ढकललं.

“तुझा पाय नि माझा पाय एकच हाय. तू घाल. तू सांगशील ते खरं.”

तू सांगशील ते खरं. चार महिने पाच-पन्नास माणसांना विचारून शेवटी त्यांनी माझ्यावर सोडलं.

मी घातले. म्हाताऱ्यांनी नाड्या ओढून दिल्या. मी उठून उभी राहिले, आणि काय सांगू – असं वाटलं की कुणीतरी दोन्ही घोटे दोन हातांनी धरलेत आणि म्हणतंय, चल, पडू देत नाही तुला. मी टाचा उचलल्या. खाली आले. पुन्हा उचलल्या. जन्मभर मी अनवाणी, नाहीतर फटफटणाऱ्या चपलांत. पायाला कुणी इतकं जपून धरतं हे मला माहीतच नव्हतं. दुकानाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चार पावलं चालले, आणि चौथ्या पावलाला माझ्या मनात आलं – हे माझे.

“ये नाप का येकच जोड है,” म्हातारे म्हणाले. “फिर कब आता अल्ला जाने.”

अक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या. “कसं वाटायलंय?”

“चावतात, अक्का.”

“कुठं?”

“करंगळीला. नि मागं टाचेलापन.”

खोटं बोलायला विचार करावा लागतो असं लोक म्हणतात – लागतो का? मला नाही लागला. करंगळी, टाच, सगळं तोंडात तयार. मी जरा तोंडही वाकडं केलं. म्हातारे म्हणाले, नवा जोड आहे, दोन दिवसांत नरम पडेल. पण अक्कांनी हात हलवला, “नक्को, नक्को.” त्या नाराज झाल्या असत्या तर कदाचित – नाही, कदाचित काही नाही. त्या नाराज झाल्याच नाहीत. उलट मोकळ्या झाल्या. चार महिन्यांचा घोर मिटला. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, “बरं झालं तू घातलीस. म्या नुसतं बगूनच घेतले आसते.” आणि मला हिरव्या बांगड्या भरल्या. मी त्यांच्यासाठी बूट घालून बघितले म्हणून.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं की गाणगापूरला जाऊन येते, दत्ताचा नवस आहे. देवाचं नाव घेऊन सांगितलं. गेले गुलबर्ग्याला. जोड अजून खिळ्यालाच होता. म्हाताऱ्यांनी मला ओळखलं, माझ्या पायांकडे बघितलं आणि बूट कागदात बांधून दिले. येताना बाजारातल्या हलवायाकडून पेढे घेतले आणि अक्कांना दिले – प्रसाद म्हणून. त्यांनी पेढा दोन्ही डोळ्यांना लावला आणि मग खाल्ला. मीही खाल्ला. पेढा चांगला होता.

बूट शाळेतल्या नकाशांच्या पेटीत, तळाशी, आशिया खंडाखाली. पेटीची किल्ली माझ्याकडे असे.

आता यापुढचं मी खाली मान घालून सांगावं, नाही का? पण मान खाली जात नाही. माझ्या पाळीचा शनिवार आला की मी चपला घालून, हातात तागाची पिशवी घेऊन गावातून निघायची. गावालगतची शेतं मागं पडली की वाटेतल्या छोट्या पुलावर, मोरीवर, बसायची आणि बूट चढवायची. पितळी डोळ्यांतून नाडी ओढताना जो बारीक सर्रसर्र आवाज होतो, त्यानंच मला हसू फुटायचं. आणि मग मी पळायची. खरंच पळायची – सरकारी मास्तरीण, लुगड्याचा काष्टा खोचून, काखेत हजेरीचे कागद, मोकळ्या रानातून. ढेकळांवरून उड्या. टिटव्या ओरडत उठायच्या. काट्यावर पाय पडला तरी कळायचं नाही, कुसळं नुसती बुटांना लागून खाली पडायची. एकदा एका धनगरानं लांबून हाक मारली.

“ओ बाई, कोन लागलंय मागं?”

“कोन न्हाई!”

“मग कामून पळायलाव?”

“पळता यायलंय म्हून!”

तो काठीवर हनुवटी टेकून बघतच राहिला. इतकी खूश मी नंतर फार थोड्या वेळा झाले. लग्नात नाही. मोठा मुलगा झाला तेव्हा – हो, तेव्हा झाले. पण ती खुशी वेगळी. ही नुसती पायांची होती.

फाट्याच्या अलीकडे बूट काढून पिशवीत. परत येताना मोरीवर पुन्हा चपला. एका शनिवारी माझी पाळी, पुढच्या शनिवारी अक्कांची. म्हणजे माझ्या पाळीला बूट रानात पळत, आणि अक्कांच्या पाळीला ते पेटीत बसून राहत, अक्का चपलांत जात. हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. मी आशियाच्या नकाशाकडे बघत नसे, इतकंच.

भाद्रपदातली गोष्ट. शनिवार अक्कांच्या पाळीचा. शुक्रवारपासून पाऊस धरलेला. सकाळी त्या छत्री घेऊन निघाल्या तेव्हा मी चहा पीत होते, आणि कपभर चहा संपेपर्यंत मी विचार केला – पेटी उघडावी का? पण उघडून सांगायचं काय? हे कुठून आले, केव्हा आले, कशाला लपवले? चहा संपला. मी म्हणाले, “जपून जावा, अक्का.” जपून! हा शब्द वापरला मी.

दुपार कलताना बैलगाडीतून त्यांना आणलं. ओढ्याच्या चढावर पाय गेला होता. छत्री उघडी धरून त्या तिथेच चिखलात दोन-अडीच घंटे बसून राहिल्या, गाडी येईपर्यंत. घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, आणि अक्का हसत होत्या. “चप्पल थितंच ऱ्हायली नि म्या म्होरं गेले गं. आजून थितंच आसंल बिचारी, माजी वाट बगायलेली.” गाडीवानही हसला. मीही हसले.

हाड बसवणाऱ्या आप्पांनी हळद-चुना लावून कामट्या बांधल्या. म्हणाले, महिनाभर उठायचं नाही. आणि पुन्हा असं झालं तर जन्माची काठी.

अक्का बाजेवर पडून वर्ग घेत. मुली भोवती बसत. पाढे, गाणी, कानडी-मराठी दोन्ही अक्षरं – आमची शाळा इतकी रंगली नव्हती कधी. पण एका दुपारी मुली गेल्यावर अक्का आढ्याकडे बघत म्हणाल्या, “सुशे, काठी घेतलेल्या बाईला ही नोकरी कोन ठिवंल? पाय गेला की नोकरी गेली. नोकरी गेली की भावाची चूल.” आवाजात रडं नव्हतं. नुसतं सांगितलं. त्यांच्या भावाच्या चुलीपुढं त्या अकरा वर्षं बसून आल्या होत्या.

तुम्हाला वाटेल, मी त्याच क्षणी उठून पेटी उघडली.

नाही उघडली. म्हणजे – उघडली, पण शनिवारी. आता सगळे शनिवार माझेच होते. अक्का बाजेवर असताना मी दोन शनिवार तेच बूट घालून हुमनाबादला गेले. आणि – हे एक वाक्य लिहायला मला सकाळपासून जमत नाहीये – दोन्ही वेळा मला मजा आली. पहिल्या शनिवारी जराशी कमी. दुसऱ्या शनिवारी पुरती. चिखलातून माझा पाय एकदाही सरकला नाही. ज्या चढावर अक्का पडल्या, तो चढ मी एका दमात चढले.

खरा कबुलीजबाब कुठला असेल तर तो हा. दुकानातलं खोटं एकोणीस वर्षांच्या पोरीच्या हावेचं म्हणून सोडून देता येईल. हे दोन शनिवार कशाचे म्हणायचे?

दुसऱ्या शनिवारी परत येताना मोरीवर बसून नाड्या सोडत होते, आणि माझ्याच हातांकडे बघून मला एकदम किळस आली. इतकंच. कुठला साक्षात्कार नाही. बूट तसेच ओढ्यावर नेले. रिठ्यानं घासले, उन्हात वाळवले. पांढऱ्या रबरावर शाळेतला खडू घासला, कॅनव्हास फिकट झाला होता तिथं काळी शाई लावली. पुन्हा त्या दुकानाच्या कागदात बांधले – कागद मी जपून ठेवला होता, चोराची अक्कल – आणि अक्कांपुढे ठेवले.

“हे गं काय?”

“बसवाल्याकडून मागवले. तुमच्यासाठी.”

“आगं पन चावायलेत म्हनलीस की!”

“तो जोड दुसरा होता, अक्का. ह्यो चावत न्हाई. म्या घालून बगितला.”

त्यांनी बूट हातात घेतले, उलटे केले. बोट तळावरून फिरवलं. “घासलेत जरा,” त्या म्हणाल्या. “त्या म्हाताऱ्यानं नमुन्याचा जोड गळ्यात मारलाय तुज्या. लबाड कुठला!”

त्या भल्या माणसाला लबाड म्हटलेलं मी ऐकून घेतलं. पुढे तीन वर्षं, आम्ही गुलबर्ग्याला गेलो की मी अक्कांना दुसऱ्याच गल्लीनं नेत असे. त्या दुकानापुढे गटार फार आहे म्हणून सांगत असे.

कामट्या सुटल्या त्या दिवशी अक्कांनी बूट चढवले. भिंतीला धरून उठल्या. मग भिंत सोडली. टाचा उचलल्या, खाली आल्या, पुन्हा उचलल्या – आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते बघून मला कळलं की त्या दिवशी दुकानात माझं तोंड कसं दिसलं असेल. हे बघूनही त्यांनी माझं ‘चावतात’ खरं मानलं होतं.

“सुशे,” त्या म्हणाल्या, “कोन तरी धरल्यासारकं वाटायलंय गं.”

त्यानंतरची तीन वर्षं बुटांची. अक्का पुन्हा कधी पडल्या नाहीत. सगळे शनिवार मी माझ्याकडे घेते म्हटलं, तर कानडीत रागावल्या – आपली पाळी त्या सोडत नसत. वर्गात ज्या मुलीचं वाचन सगळ्यात चांगलं, तिला अक्कांच्या बुटाची नाडी बांधायचा मान मिळे. या नाडीपायी पोरी अशा वाचायला लागल्या की इन्स्पेक्टर चकित झाले. शाळेला दांडी मारणाऱ्या दोन बहिणी नुसत्या त्या मानासाठी रोज यायला लागल्या. पाटलांच्या आईनं एक दिवस अक्कांना घरी बोलावलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, “मला जरा घालून बगू दे.” घातले, आणि अर्धा तास काढायला तयार नाही! तळ झिजला तेव्हा मारुतीमामांनी, तव्यावर पाय म्हणणाऱ्यांनी, मोटारीच्या टायरचा तुकडा आपणहून लावून दिला.

आणि ती सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, मुलींच्या शर्यती झाल्या, आणि मुली ओरडायला लागल्या – अक्का पळा, अक्का पळा! अक्का नको नको म्हणत उभ्या राहिल्या. आखलेल्या रेघेवर एका बाजूला मी, चपला काढून अनवाणी. दुसऱ्या बाजूला अक्का, काष्टा खोचून, घोट्याच्या वरपर्यंत काळे बूट. सारा गाव जमलेला. तो फौजेतला शेतकरी शिट्टी घेऊन उभा. शिट्टी वाजली आणि अक्का पळाल्या. पहिल्यांदा सावध, मग जशा काही मागं वाघ लागलाय. मी जीव तोडून पळाले, देवाशपथ. त्या माझ्या दोन हात पुढे राहिल्या आणि शेवटच्या रेघेपाशी थांबताच आलं नाही म्हणून सरळ बायकांच्या घोळक्यात शिरल्या. चार बायकांना घेऊन खाली बसल्या. सगळा गाव हसत होता. अक्का धुळीमातीत बसून, दोन्ही पाय वर करून, बूट सगळ्यांना दाखवत होत्या.

असं सुख मी त्यांच्यापासून पाच महिने आणि दोन शनिवार काढून घेतलं होतं. त्या वेळी त्यांच्याबरोबर हसताना मला हे आठवत होतं का? होय. पण हसूही खरं होतं.

मग राज्य वाटलं गेलं. हैदराबाद संपलं. आमचं खेडं म्हैसूर राज्याकडे, माझं उदगीर मुंबई राज्याकडे. माझं लग्नही ठरलं होतं. नोकरीसाठी मी नाव उदगीरकडे दिलं. शाळेच्या आवारात लिंबाखाली निरोपाचा कार्यक्रम झाला. माझ्या गळ्यात झेंडूचा हार, हातात नारळ. मुली रडत होत्या. अक्का बोलायला उठल्या. तीन भाषा येणाऱ्या बाईला त्या दिवशी शब्द सापडेनात. शेवटी त्यांनी उजवा पाय पुढे केला. भर सभेत, सगळ्या पुरुषांसमोर.

“हे बगा,” त्या म्हणाल्या. “ह्या पोरीनं मला पाय दिलाय. न मागता. आपल्या पोटाला चिमटा घेऊन. म्या हितं उभी हाय ती हिच्यामुळं. आसं मन कुनाचं नसतंय.”

टाळ्या वाजायला लागल्या. मी एक पाऊल पुढे टाकलं, आणि मोठ्यानं म्हणाले – पहिल्यांदाच खरं म्हणाले –

“अक्का, तसं न्हाई. मी तशी न्हाई.”

पुढचं वाक्य तोंडात होतं. पण टाळ्या दुप्पट झाल्या. पाटील शेजारच्याला म्हणाले, “बगा, किती नम्र हाय पोरगी.” अक्कांनी डोळे पुसले आणि मला पोटाशी धरलं.

आणि मी हातातला नारळ सावरत सगळ्यांना नमस्कार केला.

पुढे सत्तावीस वर्षं त्यांचं दर संक्रांतीला पत्र यायचं. मग यायचं थांबलं. एकाही उत्तरात मी ते लिहिलं नाही.